बोर्ड बदलल्यावर स्क्रीन काळी, नवं पॅनेल मागवू का?

इतक्यात पैसे टाकू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून असं दिसतं: थिंकपॅड टी480, वापरलेला मदरबोर्ड आणून घरीच बदलला. आता पॉवरचा दिवा लागतो, पंखा फिरतो, एचडीएमआयने टीव्हीला जोडलं की विंडोज झकास चालतं, पण लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन ठार काळी. आणि दुकानदार म्हणतो, पॅनेल (म्हणजे झाकणातली स्क्रीनच) गेलं. बोर्ड काढायच्या आदल्या दिवसापर्यंत ते पॅनेल चालत होतं ना? मग संशय सगळ्यात शेवटी त्याच्यावर घ्यायचा. टीव्हीवर चित्र येतंय म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स सगळं ठीक आहे. गडबड आहे ती बहुधा बोर्डावरच्या डिस्प्ले कनेक्टरच्या आसपास किंवा तिथून पॅनेलपर्यंत कुठेतरी.

हे ठामपणे सांगतोय कारण हाच लॅपटॉप, हाच उद्योग मीही केलाय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड आणला, रविवारी दुपारी जेवण करून बसलो, मागची बॅटरी खटक्याने काढून बाजूला ठेवली आणि समजलो की वीज बंद. टी480 ला दोन बॅटऱ्या असतात हे माहीत असूनही विसरलो. दुसरी आतमध्ये पुढच्या कडेला बसलेली असते आणि बोर्डाला वीज देतच राहते. तशातच मी डिस्प्लेची केबल बसवायला गेलो. पहिल्यांदा ती किंचित तिरकी बसली, काढून परत बसवली. झालं. स्क्रीन काळी. मग मीही शहाण्यासारखं नवं पॅनेल मागवलं, ते लावलं, तेही काळंच.

घडतं ते असं. त्या एकाच बारीक कनेक्टरमधून पॅनेलच्या इलेक्ट्रॉनिक्सला 3.3 व्होल्ट जातात, आणि बॅकलाइटला, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्यांना, त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज जातं, थेट बॅटरी-अडॅप्टरच्या पुरवठ्यावरून. चालू विजेवर केबल तिरकी घुसली की क्षणभर शॉर्ट होतो आणि बोर्डावरचा बॅकलाइटचा फ्यूज उडतो. फ्यूज उडाला हे खरं तर नशीबच, नाहीतर आणखी महागाचं काहीतरी उडालं असतं.

तुमच्याकडेही हेच झालंय का, ते काही न उघडता कळेल. खोलीत अंधार करा, टीव्ही जोडलेला असू द्या, विंडोज चिन्हाचं बटण आणि पी दाबून डुप्लिकेट निवडा. आता मोबाइलचा टॉर्च काळ्या स्क्रीनवर अगदी जवळून, तिरका धरा. डेस्कटॉपवरचे आयकॉन भुतासारखे पुसट दिसतात का? दिसले तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड नाही.

दुसरी खूण सेटिंग्जमध्ये. आधी तीच बटणं दाबून डुप्लिकेटऐवजी एक्स्टेंड निवडा, मग सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले. तिथे 1 आणि 2 असे दोन चौकोन दिसले तर बोर्डाला पॅनेलची ओळख पटलेली आहे, कारण पॅनेल आपली माहिती त्याच केबलमधून बोर्डाला कळवतं. एकच चौकोन असेल तर बहुधा केबल नीट बसलेली नाही, दुमडली आहे किंवा चुकीची आहे.

चुकीच्या केबलची शक्यता वापरलेल्या सुट्या भागांच्या बाबतीत खरी असते. टी480 साधी फुल एचडी स्क्रीन, टच स्क्रीन आणि 2560 बाय 1440 ची स्क्रीन अशा पर्यायांत मिळायचा. साध्या फुल एचडीला 30 पिनांची केबल, बाकीच्यांना 40 पिनांची. 2560 बाय 1440 चं कारण सरळ आहे: फुल एचडीला 60 हर्ट्झवर सेकंदाला साधारण साडेतीन गिगाबिट माहिती लागते, ती दोन लेनमध्ये (केबलमधल्या तारांच्या जोड्यांमध्ये) मावते. 2560 बाय 1440 ला पावणेसहा-सहा लागतात, म्हणून चार लेन. तुम्ही जुनीच केबल आणि जुनंच पॅनेल ठेवलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता उघडायची वेळ. आधी टीव्हीवरच बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचा लॅपटॉपचा सेटिंगचा पडदा, उघडा (सुरू होताना एफ1), कॉन्फिग, पॉवर, आणि तिथे ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’. त्याआधी अडॅप्टर काढून ठेवा, कारण अडॅप्टर परत लावला की ती बॅटरी आपोआप चालू होते. मग बाहेरची बॅटरी काढा, मागचं कव्हर उघडा आणि आतल्या बॅटरीचा कनेक्टरही सोडवा. माझ्यासारखे गाफील राहू नका.

मग डिस्प्लेची केबल पूर्ण काढून, कनेक्टरच्या पिना भिंगातून बघून, सरळ रेषेत परत बसवा. एखादी पिन वाकलेली किंवा काळवंडलेली दिसली तर तिथेच थांबा. केबल बिजागरीपाशी चिमटली नाही ना तेही बघा, बोर्ड बदलताना ती हमखास जागेवरून सरकते. यानेच काम झालं तर उत्तम.

नाही झालं आणि टॉर्चमध्ये चित्र दिसत होतं, तर मल्टीमीटर घ्या, कंटिन्यूइटीवर (तार जोडलेली असली की बीप देणाऱ्या खुणेवर) लावा आणि डिस्प्ले कनेक्टरच्या आसपासचे तिळाएवढे फ्यूज तपासा. बोर्डावर त्यांच्या शेजारी सहसा एफ आणि पुढे आकडा छापलेला असतो. चांगला फ्यूज बीप देतो, उडालेला गप्प बसतो. गप्प बसलेला सापडला तर त्यावर सोल्डरचा थेंब टाकून पूल करायचा मोह होईल, यूट्यूबवर तसं करणारेही भेटतील. करू नका. शॉर्ट अजून शिल्लक असेल तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी बोर्ड जळेल. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज मोबाइल दुरुस्तीवाला हॉट एअरने दहा मिनिटांत लावून देतो. मी लावून घेतला, जुनं पॅनेल परत बसवलं, आणि स्क्रीन लागली. नवं पॅनेल माळ्यावर खोक्यात आहे.

टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही पण केबल नीट बसलेली आहे, असं झालं तर झाकणाच्या सेन्सरकडे बघा. झाकण बंद आहे असं बोर्डाला वाटत असेल तर बाहेरची स्क्रीन चालते आणि आतली बंद राहते. जवळ चुंबक असलेलं मोबाइलचं कव्हर वगैरे ठेवलं नाही ना, एवढं आधी बघा. हसू नका, झालेलं आहे.

एक वेगळी गोष्ट, बोर्ड वापरलेला आहे म्हणून. बायोसमध्ये शिरताना सुपरवायझर पासवर्ड विचारला तर लगेच विकणाऱ्याला गाठा. तो बोर्डावरच्या चिपमध्ये असतो, बटण सेल काढून जात नाही. आणि विंडोजने बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका. बोर्डाबरोबर टीपीएम, म्हणजे त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी चिपही बदलली, म्हणून ती विचारणारच. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर बहुतेक वेळा की त्या खात्यात सापडते.

आज रात्री टॉर्च लावून बघा आणि काय दिसलं ते इथेच सांगा. कव्हर त्यानंतर उघडा.