पहिल्या वन्यजीव फोटोग्राफीच्या ट्रिपला एकट्याने जावं की कुणाला सोबत न्यावं?

तुम्ही लिहिलंय की नवी १५०-६०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घेतली आहे, एप्रिलमध्ये ताडोबाला पहिली ट्रिप करायची आहे, बायको सोबत यायला तयार आहे, पण तिला फोटोग्राफीत काडीचाही रस नाही. मग एकट्याने जावं का?

न्या तिला. रस नाही म्हणूनच न्या. फक्त त्याआधी एकदा एकटे भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावरचे पक्षी टिपायला, जाऊन या. का, ते सांगते.

आधी पैशांचं बोलू. ताडोबात बुकिंग अख्ख्या जिप्सीचं होतं. आत एक बसा नाहीतर सहा, गाडी, गाईड आणि प्रवेशाचा खर्च तोच. त्यामुळे एकटा माणूस हमखास हिशेब करतो आणि ओळखपाळख नसलेल्या चार-पाच फोटोग्राफरांच्या जिप्सीत एक सीट घेतो. मीही घेतली होती, दुसऱ्याच ट्रिपला. मोहर्ली गेट, मे महिना, पहाटेची सफारी. एका रांगेत तिघं, तिघांच्या हातात हातभर लांब लेन्स आणि मी मधल्या सीटवर. डावीकडे काही दिसलं की शेजाऱ्याच्या कानावरून फोटो, उजवीकडे दिसलं की दुसऱ्याच्या टोपीवरून. त्यात ६०० मिमीला कुणी नुसतं बूड हलवलं तरी फ्रेम हलते. सहाजण श्वास रोखून धरतील ही अपेक्षा चुकीचीच.

पण खरा त्रास तो नव्हता. त्यातल्या दोघांना वाघाशिवाय काही नको होतं. सांबर पाण्यात उतरलं होतं, सकाळचं तिरपं ऊन होतं, आणि हे म्हणतात, "चला पुढे, वेळ जातोय." पुढे रस्त्यावर वाघीण आडवी आली तेव्हा ड्रायव्हरला "अजून थोडी पुढे घे" म्हणून इतकं हैराण केलं की शेवटी गाईडने हात जोडले. मी गप्प बसले. मलाही तो फोटो हवा होता, हे कबूल करायला हवं. फोटो आला, चांगला आला, आणि तो मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

त्यानंतर मी माझ्या मामाला न्यायला लागले. मामा वरोऱ्याचे, निवृत्त शिक्षक. कॅमेरा म्हणजे लग्नात असतो ती वस्तू, एवढीच त्यांची समजूत. पहिल्या वेळी पांढराशुभ्र सदरा घालून आले, मी त्यावर माझी खाकी ओढणी पांघरायला लावली. गाईडशी कापसाच्या भावावर गप्पा सुरू. मी म्हटलं, मामा, हळू. तर म्हणाले, "वाघाले कापसाचं काय करायचं हाय?"

पण मामांकडे एक गोष्ट होती जी माझ्याकडे नव्हती. मोकळे डोळे. ६०० मिमीच्या लेन्समधून जेमतेम चार अंशांचं जग दिसतं, तुमचा कॅमेरा क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरचा असेल तर त्याहून कमी. बाकीचं सगळं जंगल तुमच्यासाठी बंद. एका संध्याकाळी सात-आठ जिप्स्या पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या. गवतात वाघ बसलाय, असं सगळे म्हणत होते. चितळांचे कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावरचं ओरडणं, थांबून वीस मिनिटं झाली होती तरी एकाचीही लेन्स खाली येत नव्हती. मामांनी माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली आणि हनुवटीने मागे दाखवलं. रानकुत्री. सात होती, सागाच्या वाळक्या पानांवरून आवाज न करता रस्ता ओलांडत होती, आमच्या पाठीमागे. मी वळून बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची पिशवी, दुसऱ्या बाजूला टाकेपर्यंत पाच निघून गेली. तीन फ्रेम मिळाल्या. एकीत नुसती शेपटी आहे, एकीत झाडाचं खोड शार्प आणि कुत्रं धूसर. तिसरी बरी आहे. मी घाईघाईत बीनबॅग ठेवत होते तेव्हा मामा म्हणाले, "काहून एवढी घाई करून राहिली बाई? मी पाह्यलं ना." त्यांचं पाहून झालं होतं. घरी गेल्यावर मामींना त्यांनी ती सातही कुत्री एकेक करून सांगितली, कुठलं मागे वळून थांबलं तेसुद्धा. माझ्या कॅमेऱ्यात त्यातलं काहीच नव्हतं.

तेव्हा फोटोग्राफीत रस नसलेला माणूस म्हणजे अडचण, हे डोक्यातून काढा. अडचण होते ती कंटाळणाऱ्या माणसाची. एप्रिलात चंद्रपूरकडचं ऊन कसं असतं ते वेगळं सांगायला नको. सफारीत मोबाईल नेता येत नाही, आणि पाणवठ्यावर तासभर नुसतं थांबावं लागतं. हे तिला आधी सांगा, स्पष्ट सांगा. "वाघ दिसेलच" असं तर अजिबात सांगू नका. दोन दिवसांत चार सफाऱ्या असतील तर एक सकाळ तिला झोपू द्या. माझ्या एका मैत्रिणीने नवऱ्याला लागोपाठ सहा सफाऱ्या करायला लावल्या. तो आता जंगल म्हटलं की कामाचे ईमेल काढून बसतो.

मग भिगवण एकट्याने कशासाठी? कारण तुम्हाला अजून तुमची लेन्स माहीत नाही. वाघ समोर असताना शटरस्पीड कुठल्या चाकावर आहे ते शोधत बसाल, आणि शेजारी बसलेल्या माणसावर चिडाल. ती शिकवणी उजनीच्या पाण्यावर एकट्याने घ्या. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. कुंभारगाव किंवा डिकसळला पहाटे होडी ठरवा, अख्खी. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, सुरय हे पक्षी, आणि थोडं लवकर गेलात तर परतीला न निघालेले पट्टकदंब हंसही सापडतील. उडणाऱ्या सुरयवर फोकस धरायला शिकलात की वाघ सोपा. तो निदान चालतो.

होडीत बसण्याआधी होडीवाल्या दादांना एक सांगून ठेवा: पक्षी उडवायचे नाहीत. रोहितांचा थवा उडताना गुलाबी-काळे पंख दिसतात म्हणून पर्यटक तशी मागणी करतात आणि काही होडीवाले ती पुरवतात. रोहितांना उडण्यासाठी पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो, चरणं सोडून दरवेळी हा खटाटोप. इंजिन लांबच बंद करून बांबूने होडी ढकलायला सांगा आणि थांबा. ते आपणहून जवळ येतात. इथे घाई करणारा कुणी शेजारी नसतो, हा एकटं असण्याचा फायदा.

तोटा कळला तो मार्चमधल्या एका सकाळी. पाणी मागे हटलं होतं, काठावरचा गाळ वरून वाळून भेगाळलेला. मला शेकाट्या पक्षी जमिनीच्या पातळीवरून टिपायचा होता, म्हणून होडीची वाट न बघता एकटीच काठाने चालत निघाले. दहा पावलांवर वरचा पापुद्रा फुटला आणि गुडघ्यापर्यंत आत. पाय ओढावा तर दुसरा रुततो. लेन्स छातीशी धरून ओरडले. जाळी काढायला आलेल्या एका आजोबांनी होडीतली फळी माझ्यापुढे टाकली, "पोटावर पड, पोटावर," म्हणाले, तशी पडले आणि निघाले. एक बूट अजून उजनीच्या पोटात आहे. त्यांच्या घरी चहा झाला, आजींनी पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि मला चांगलीच झापलं. तेव्हापासून माझा नियम आहे: एकटी असताना होडीतून किंवा गाडीतून उतरायचं नाही. उतरावं लागलंच तर गावातल्या कुणाला तरी सांगून, शक्यतो सोबत घेऊनच.

ताडोबाला आतल्या भागात मंगळवारी सुट्टी असते, तेवढं बघून तारखा ठरवा. ओळखपत्र बुकिंगला दिलेलंच आणि मूळ प्रत न्या. दोघंच असाल तर जिप्सीच्या मागच्या रांगेत दोन टोकांना बसा, मध्ये बीनबॅग, पाणी आणि धूळ झटकायचा ब्रश. बीनबॅगमधले तांदूळ किंवा राजमा चंद्रपुरात विकत घ्या, घरून वाहून नेऊ नका. फोटो काढताना ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगायला लाजू नका.

आणि लेन्सवर एवढा खर्च केलाच आहे, तर थोडे पैसे बाजूला काढून बायकोसाठी दुर्बीण घ्या. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी. दुकानदार १० बाय ४२ ची गळ्यात मारायला बघेल, पण हलणाऱ्या जिप्सीत दहा पटीच्या दुर्बिणीतून धड दिसत नाही.