दुखवटा कोणाचा, सुतक कोणाला?

एका वाचकांनी विचारलं आहे: १० ऑक्टोबर २०२४ ला, रतन टाटा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्र सरकारने एक दिवसाचा दुखवटा जाहीर केला. ती बातमी ऐकून त्यांचे सासरे म्हणाले, "सरकार दुखवटा कसा पाळेल? दुखवटा सोयऱ्यांनी आणायचा असतो." तेव्हा 'दुखवटा पाळणे' हा प्रयोग बरोबर की चूक? आणि ज्याच्याशी नातं नाही अशा माणसासाठी तो चाहत्यांनी करावा का?

सासऱ्यांचं म्हणणं खरं आहे. बातमीही चुकीची नाही.

जुन्या वापरात दुखवटा ही वस्तू आहे, दिसणारी, हातात देता येणारी. देशावरच्या गावांतून आजही दहाव्याला किंवा तेराव्याला सोयरे येतात ते टॉवेल-टोपी, उपरणं, साडी घेऊन. ज्याने मुंडण केलेलं असतं त्याच्या डोक्यावर सोयऱ्याच्या हातची टोपी जाते, सुनेला माहेरची साडी येते. तो दुखवट्याचा आहेर. म्हणून या शब्दाची क्रियापदंही देण्याघेण्याची: दुखवटा आणला, केला, घेतला, काढला. 'तिच्या माहेरचा दुखवटा आला का?' हा प्रश्न पंगतीत हमखास ऐकू येतो, आणि आला नसेल तर पुढची दहा वर्षं ऐकू येतो!

सुतकाचं तसं नाही. सुतक कोणी आणत नाही, ते लागतं. बातमी कानावर आली की लागलं, तुमची इच्छा असो नसो. घरच्यांना दहा दिवस, लांबच्या भाऊबंदांना तीन, लग्न झालेल्या लेकीला आईवडिलांचं तीन, असे हिशेब घरोघरी थोड्याफार फरकाने मांडले जातात. मग ते धरायचं, पाळायचं, आणि मुदत संपली की फिटतं. गंमत म्हणजे संस्कृतात 'सूतक' हे मुळात जन्माचं, प्रसूतीशी जोडलेलं. मराठीत ते मरणाकडे सरकलं आणि जन्मासाठी 'सोयर' राहिलं. दोन्ही मिळून झालं सोयरसुतक. 'त्याला कशाचं सोयरसुतक नाही' असं आपण म्हणतो तेव्हा मूळ अर्थ इतकाच की त्या घरात कोणी जन्मलं काय नि मेलं काय, याला विटाळ लागत नाही, कारण याचं नातंच नाही.

आता 'दुखवटा पाळणे' कुठून आलं ते दिसतं. शब्द दुखवट्याचा आणि क्रियापद सुतकाचं. वर्तमानपत्री आणि सरकारी मराठीला ठरावीक मुदतीच्या अधिकृत शोकासाठी शब्द हवा होता. सुतक घेता येईना, कारण सरकारला गोत्र नसतं. 'शोक' घेता आला असता, पण दोन दिवसांचा शोक म्हटलं की तिसऱ्या दिवशी आनंद का, असं कोणीतरी विचारणारच. दुखवटा सोयीचा पडला. त्याला मुदत लावता येते, तो जाहीर करता येतो, आणि तो बाहेरच्याने करायचा असतो ही त्याची मूळ खूणही टिकते. लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ ला गेल्या तेव्हा देशभर दोन दिवसांचा दुखवटा होता. राष्ट्रध्वज अर्ध्यावर, सरकारी करमणुकीचे कार्यक्रम बंद. घरच्यांसारखं वागण्याची सक्ती त्यात कोणावरच नव्हती.

आणि सरकारी दुखवटा काही आजचा नाही. मातब्बर सरदार वारला की दरबारातून त्याच्या वारसाला दुखवट्याची वस्त्रं पाठवायची पद्धत पेशवाईत होती. तेव्हा वस्त्रं जात, आता परिपत्रक निघतं. सासऱ्यांना हे सांगून पाहा, कदाचित मानतील.

चाहत्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नातं नसलेल्याने दुखवटा जरूर करावा, तो शब्द त्याच्यासाठीच आहे. सुतकावर मात्र हक्क सांगू नये. फरक कागदी वाटेल, पण अलीकडे नामवंतांच्या मरणात जी फरफट होते ती नेमकी इथली आहे. दुखवटा घेऊन येणारा दारात थांबतो, दिलेलं घेतलं की निघतो. समाचाराला जाणाऱ्यालाही रीत असते. फार बसायचं नाही, कसं झालं ते खोदून विचारायचं नाही, निघताना 'येतो' म्हणायचं नाही. घरच्यांनीही 'या' म्हणायचं नाही. ('समाचार' हिंदीत गेला की बातमी होतो. दारातल्या कॅमेऱ्यांना बहुधा तोच अर्थ ठाऊक असतो.)

श्रीदेवी २४ फेब्रुवारी २०१८ ला दुबईत गेल्या आणि अंत्यसंस्कार झाले २८ तारखेला मुंबईत. मधल्या दिवसांत काही वृत्तवाहिन्यांनी पडद्यावर चक्क बाथटब उभा केला आणि त्या कशा गेल्या असतील याची चर्चा चालवली. 'कसं झालं' हे विचारू नये, ही रीत मोडण्याचा याहून ठळक नमुना मला आठवत नाही. अंधेरीच्या क्लबात अंत्यदर्शनाची सोय करताना कुटुंबाने माध्यमांना सांगितलं होतं की दर्शनाला या, कॅमेरे बाहेर ठेवून या. म्हणजे दुखवटा आणा, उंबरठ्याच्या आत मात्र आमचं आम्हांला राहू द्या. 'दर्शन' शब्दात एक अडचण आहेच. देवळात देव बघू देतो असं आपण धरून चालतो. इथे ज्याला बघायचं त्याला विचारता येत नाही, म्हणून घरच्यांचा शब्द शेवटचा.

अशा वेळी मराठी निवेदनांत 'आमच्या खासगीपणाचा आदर करावा' हे वाक्य सर्रास येतं. अर्थ कळतो, पण ते मला कायम करारनाम्यातलं कलम वाटतं. निधनाच्या छोट्या जाहिरातींत आपल्याकडे 'कृपया भेटण्यास येऊ नये' असं छापतात. चार शब्द, कोणाला राग येत नाही आणि कोणी येतही नाही. चित्रपटातल्या माणसांच्या कुटुंबांनी हेच लिहायला काय हरकत आहे?

'श्रद्धांजली की आदरांजली' असंही त्यांनी जाता जाता विचारलं आहे. गेलेल्याला श्रद्धांजली. आदरांजली हयातीतही वाहता येते, जयंतीलाही चालते. फलकावरच्या 'भावपूर्ण'बद्दल आज बोलत नाही, तो वेगळा विषय.

थोडक्यात लिहिताना: 'राज्यात एक दिवसाचा दुखवटा' बरोबर, 'चाहत्यांनी दुखवटा पाळला' चालेल, 'चित्रपटसृष्टीला सुतक' फक्त टोमणा मारायचा असेल तर. कोकणात किंवा विदर्भात दुखवट्यात टॉवेल-टोपीऐवजी दुसरं काही देत असतील, किंवा 'काढणे'ऐवजी वेगळं क्रियापद वापरत असतील, तर जाणकारांनी जरूर कळवावं.