वडिलांची पित्ताची गोळी उपाशीपोटीच का घ्यायची? आणि बंद केली की जळजळ आणखी का वाढते?

तुमचे वडील निपाणीत असतात, पाच-सहा वर्षं पँटोप्राझोल 40 घेतात, तीही जेवण झाल्यावर छातीत जळजळायला लागलं की. गुण येईना म्हणून मध्येच बंद केली, तर त्रास वाढला. ‘गोळीची सवय लागली का?’ असं तुम्ही विचारलंय.

मी बी.फार्म. झालोय, बेळगावात शहापूरला औषधाचं दुकान चालवतो. ही पट्टी देताना मी प्रत्येकाला ‘जेवणाआधी’ आणि ‘ऊटक्किंत मोदलु’ असं दोन्ही भाषांत सांगतो, तरी निम्मे लोक रविवारी मटणावर ताव मारून झाल्यावरच गोळी तोंडात टाकतात. त्यांचाही दोष नाही, कारण कुणी नीट सांगतच नाही.

ही गोळी पोटात साठलेलं आम्ल मारत नाही. ते काम जेल्युसिल, डायजीनचं. पँटोप्राझोल आम्ल तयार करणारा पंपच बंद पाडते. जठराच्या अस्तरातल्या पॅरायटल पेशींमध्ये हे प्रोटॉन पंप असतात. पोट रिकामं असताना त्यातले बरेचसे पेशीच्या आत गप्प पडून असतात, घास पोटात गेला की वर येऊन कामाला लागतात. गोळी गिळतो तेव्हा ती निष्क्रिय असते. आतड्यात विरघळून रक्तात जाते, रक्तातून त्या पेशींपर्यंत पोचते आणि चालू पंपाजवळच्या कडक आम्लातच तिचं खरं औषध बनतं. मग ती पंपाला अशी चिकटते की तो पंप गेलाच म्हणायचा. पण रक्तात ती टिकते जेमतेम काही तास. म्हणून ती रक्तात असताना पंप चालू असायला हवेत, आणि त्यासाठी जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास घ्यायची. शिवाय सगळे पंप एका गोळीत सापडत नाहीत, पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस जातात. जळजळ उठल्यावर घेऊन लगेच थंड वाटेल ही आशाच चुकीची.

पँटोप्राझोलच्याच जातीच्या ओमेप्राझोलची कॅप्सूल उघडली तर आत मोहरीहून बारीक दाणे दिसतात. जठरातल्या आम्लात औषध नासू नये म्हणून प्रत्येक दाण्यावर वेगळं आवरण असतं. वडिलांच्या गोळीवरही तसंच आवरण आहे, तेव्हा कुटून किंवा चावून देऊ नका.

आता बंद केल्यावरचं. आम्ल कमी झालं की शरीर ते भरून काढायला गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं. महिनोन्‌महिने तसंच चाललं की आम्ल बनवण्याची आज्ञा देणाऱ्या पेशीही वाढतात. गोळी थांबली की ही सगळी फौज मोकळी सुटते. 2009 साली डेन्मार्कमध्ये यावर एक प्रयोग झाला. ज्यांना पित्ताचा त्रासच नव्हता अशा धडधाकट माणसांना आठ आठवडे याच जातीचं एसोमेप्राझोल दिलं आणि मग थांबवलं. त्यानंतर 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असला त्रास झाला. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. म्हणजे तंबाखूसारखी तलफ नाही, पण गोळीनं मागे ठेवलेली बाकी मात्र आहे, आणि ती काही आठवड्यांत ओसरते.

या औषधांच्या आधी अल्सरच्या कितीतरी रोग्यांचं पोट फाडावं लागे. जेम्स ब्लॅक यांच्या गटानं ब्रिटनमध्ये, आम्ल बनवायची आज्ञा पोचवणाऱ्या हिस्टामिन या रसायनाची वाट अडवायचं ठरवलं. पहिलं औषध तोंडावाटे नीट शोषलं जाईना, दुसऱ्यानं काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या, तेव्हा कुठे 1976 साली सिमेटिडिन बाजारात आलं. ब्लॅक यांना 1988 साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वीडनचं ओमेप्राझोल विकायला आलं. हिस्टामिन ही आज्ञेच्या अनेक वाटांपैकी फक्त एक, पंप म्हणजे शेवटचा दरवाजा, म्हणून ही गोळी जास्त जोरकस. इतकी जोरकस, की आपल्याकडे तापाच्या गोळीबरोबरही ती लिहून देतात. मला हे पटत नाही.

वडिलांचं काय? आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा की गोळी कशासाठी सुरू केली होती. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा सांध्यासाठी वेदनाशामक चालू असेल तर पोटाला संरक्षण म्हणून ती दिलेली असू शकते, मग हात लावू नका. तसं नसेल तर एकदम न तोडता डॉक्टरांच्या सल्ल्यानं डोस उतरवत आणायचा, मध्ये जळजळलं तर जेल्युसिल-डायजीनसारखं अँटासिड घ्यायचं. पट्टीवर नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल तर सोबत डोम्पेरिडोन हे मळमळ-उलटीवरचं औषधही आहे. युरोपच्या औषध नियामकानं 2014 मध्येच ते साधारण आठवडाभरच घ्यावं असं सांगितलंय, कारण हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. हे मुद्दाम विचारा.

रात्री जेवून लगेच आडवं होणं आणि जेवणानंतरचा तंबाखूचा बार, दोन्ही बंद. निपाणीकरांना हे सांगणं अवघड आहे, माहीत आहे. आणि काळी शौच, घास अडकणं किंवा वजन उतरणं यांतलं काही असेल, तर गोळीचा विचार बाजूला ठेवून आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्या.