मोरी फोडायच्या आधी

प्रश्न : ताई नमस्कार, सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, लालबागला जुन्या चाळीत पहिल्या माळ्यावर एकट्या राहतात, आम्ही भांडुपला. फेब्रुवारीत पहाटे पाणी आलं म्हणून पिंप भरायला उठल्या आणि मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता आमच्याकडे आहेत, वॉकर घेऊन बऱ्यापैकी चालतात पण रोज एकच, मला माझ्या घरी कधी सोडताय. तिथे संडास गॅलरीच्या टोकाला, कॉमन, तोही इंडियन. धाकटे दीर शिवडीला राहतात, ते म्हणतात मी आणि माझे दोन मित्र दोन रविवारात मोरी फोडून कमोड बसवून टाकतो, पैसे वाचतील. आमचे हे म्हणतात कॉन्ट्रॅक्टरच हवा. नणंद नाशिकहून फोन करून सांगते आईला इकडेच पाठवा. रोज वाद आणि मधल्या मधे मी. काय करू? – एक सून, भांडुप

उत्तर : दिरांना आजच फोन करा आणि सांगा हातोडा खाली ठेवा. त्यांची माया मला कळतेय, आईसाठी रविवार द्यायला तयार असलेला मुलगा आहे तो, पण हे काम दोन रविवारांचं नाही आणि मित्रांचंही नाही.

कारण असं की मोरीची लाईन असते सांडपाण्याची, बारीक. कमोडला चार इंची मैल्याची लाईन लागते. चाळीत ती लाईन कॉमन संडासाच्या बाजूला असते, तुमच्या खोलीपर्यंत आलेलीच नसते. मोरीच्या पाइपाला कमोड जोडला तर तो तुंबणार आणि ती घाण खालच्या बिऱ्हाडात उतरणार, म्हणजे चाळीस वर्षांच्या शेजाराशी भांडण. दुसरं म्हणजे वजन. जुन्या चाळींच्या जमिनी बऱ्याच ठिकाणी लाकडी तुळयांवर असतात. चार बाय चार फुटी मोरीवर नुसता दोन इंच कोबा घातला तरी दीडशे किलोच्या वर भार वाढतो, वर टाईल्स, वर कमोड, वर पाणी. आणि मोरीखालचीच तुळई वर्षानुवर्षं ओल खाऊन आधीच कमजोर झालेली असते. शिवाय मुंबई शहर भागातल्या ३० सप्टेंबर १९६९ च्या आधी बांधलेल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर लागणाऱ्या, इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असते. तुमची चाळ त्यात असेल तर मालक आणि मंडळ दोघांना विचारल्याशिवाय जमिनीला हात लावू नका. कॉन्ट्रॅक्टर आणला तरी हे सगळं तसंच राहतं, म्हणून तुमच्या ह्यांचंही बरोबर नाही असं मी म्हणेन.

मग करायचं काय, तर कमोड चेअर आणा. खुर्चीसारखी असते, मधे भोक, खाली भांडं, हाताला दोन्हीकडे दांडे. प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकलच्या दुकानांत मिळते, परळला हॉस्पिटलांच्या आसपासही मिळते. उंची कमीजास्त करता येणारीच घ्या. बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहिले पाहिजेत. खुब्याच्या ऑपरेशननंतर खोल बसणं, पायावर पाय टाकणं, उकिडवं बसणं डॉक्टर बरेच महिने करू देत नाहीत, काहींना कायमचंच बंद सांगतात, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना हे स्पष्ट विचारून घ्या. इंडियन संडासाचा प्रश्न त्यातच मिटतो. भांडं रिकामं कोण करणार हे मात्र आधी ठरवा, उघडपणे, सगळ्यांसमोर. सकाळी येणारी बाई तयार असेल तर तिला त्याचे वेगळे पैसे द्या. सासूबाईंना लाज वाटेल, वाटणारच, त्या वेळी पडदा ओढून बाहेर जा आणि त्याबद्दल कोणी एक शब्द बोलू नका.

आता पाट. जुनी माणसं मोरीत पाटावर बसून आंघोळ करतात, तो पाट उचलून माळ्यावर टाका आणि हातांचं उंच स्टूल आणा, रबरी बूट असलेलं. वॉकरचेही रबरी बूट उलटे करून बघा, झिजले असतील तर लगेच बदला, ओल्या कोब्यावर झिजलेला बूट म्हणजे साबणच.

आता भिंतीला धरून उठण्यासाठी लावायच्या दांड्याचं सांगते, कारण हे मी माझ्या आईच्या बाबतीत भोगलंय. तिच्या फ्लॅटमध्ये बाथरूमची भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची, माझ्या भावाने प्रेमाने टॉवेलचा चकचकीत रॉड आणला आणि साध्या प्लॅस्टिकच्या गुल्ल्या ठोकून बसवला, म्हणाला आई याला धरून उठ. तिसऱ्या दिवशी ती धरून उठली आणि रॉड गुल्ल्यांसकट तिच्या हातात आला. बादलीवर पडली म्हणून वाचली, मनगट पंधरा दिवस काळंनिळं होतं. टॉवेल रॉड माणसाचं वजन घ्यायला केलेलाच नसतो. आणि ते काचेला चिकटवायचे सक्शनचे हँडल मिळतात तेही नकोत, रात्री चिकटलेले असतात सकाळी नसतात.

नंतर आम्ही काय केलं ते तुम्हीही करा. आईला कोरड्या बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं आणि म्हटलं आता तुझी तू उठ, कशालाही धर. तिचा हात जिथे जिथे भिंतीवर गेला तिथे मी पेन्सिलने खूण केली. पाचदा उठवलं, पाचपैकी चारदा हात गेला नळावर, म्हणजे आम्ही रॉड लावला होता त्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला आणि चांगला वीतभर खाली! मिस्त्री आपल्या उंचीने खूण करतो, तुमचे दीरही करतील, उंच असतील तर सासूबाईंचा हात पोचणारसुद्धा नाही.

लालबागला भिंत ठोकून बघा. जुन्या जाड विटेच्या भिंतीत चुना असतो, वरचा गिलावा पोकळ वाजला तर तेवढा काढून आतल्या विटेत लांब अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, जायला हवा. लाकडी चौकटीतली पातळ पार्टिशन असेल तर तिथे दांडा लावूच नका, मग हातांच्या स्टुलावरच भागवायचं. दांडा स्टीलचा, मुठीत नीट मावेल असा, साधारण सव्वा ते दीड इंच जाडीचा. लावून झाल्यावर आधी दिरांनी स्वतः त्याला लोंबकळून बघावं, मग आईला द्यावा.

आणि मूळ कारण पाणी आहे हो. पहाटेच्या अंधारात, ओल्या मोरीत, एका हातात कळशी. पिंप मोरीतून बाहेर काढा, ओट्याजवळ ठेवा, खाली नळ बसवून घ्या म्हणजे वाकायला नको. नळाला पाइप लावला की भरायला उचलापाचल नको. भरायला मात्र सासूबाईंनी जायचंच नाही, दीर शिवडीला आहेत, जवळ आहेत, किंवा चाळीतला एखादा पोरगा महिन्याच्या पैशांवर हे करेल. पलंगापासून मोरीपर्यंत झिरोचा बल्ब, पायपुसणी सगळी काढून टाका, वायरी भिंतीला लावून घ्या. ही सगळी दिरांची कामं, ती त्यांना मनापासून द्या, हातोडा काढून घेतलाय तर हातात दुसरं काहीतरी द्यायला पाहिजे ना.

देवघर बघितलंत का? बहुतेक खाली चौरंगावर असेल. ते भिंतीवर फळी मारून त्यांच्या छातीच्या उंचीला घ्या, त्यांना खुर्चीवर बसून पूजा करता येईल. हे राहिलं तर त्या कोणाला न सांगता खाली बसतील, माझ्या ओळखीत दोघी बसल्यात.

जिन्याचं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, कठड्याच्या बाजूने. फिजिओकडून भांडुपलाच याची प्रॅक्टिस करून घ्या आणि त्यांनी हो म्हटल्यावरच न्या. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, मग चाळीची गॅलरी आणि जिना चार महिने ओला, म्हणून न्यायचं तर मेमध्येच न्या, तोपर्यंत जमलं नाही तर सरळ दसऱ्यानंतर. नणंदेला म्हणा आईला नाशिकला बोलावण्याऐवजी पहिले पंधरा दिवस तूच लालबागला येऊन राहा, रात्री आई कशी उठते ते बघ. तिलाही आईसाठी काही करायचंय, नाशिकहून तिला दुसरं काही सुचत नाही एवढंच.

प्रश्न : बोरिवलीला आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये चुलत सासरे राहतात. आमच्या बाथरूमच्या छताला गळती आहे, सांगितलं तर म्हणतात सोसायटी बघेल, सोसायटी म्हणते तुम्ही घरातले आपसात बघा. नातं आहे म्हणून बोलता येत नाही. – गृहिणी, बोरिवली

उत्तर : बोलायच्या आधी आठवडाभर वहीत लिहा, कधी गळतं. दिवसरात्र सारखं गळत असेल तर पाण्याच्या पाइपाची लाईन. वर आंघोळ झाली की गळत असेल तर नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं, किंवा टाईल्सच्या सांध्यातून. फक्त पाऊस पडला की गळत असेल तर बाहेरची भिंत. पहिल्या दोन्हींचा खर्च साधारणपणे वरच्या सभासदाचा, बाहेरची भिंत, गच्ची आणि कॉमन पाइप सोसायटीचे, सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजमध्ये, म्हणजे नमुना नियमावलीत, हे आहे. नक्की करायचं तर त्यांच्या नहाणीत खायचा रंग घालून पाणी सोडा, तुमच्याकडे रंगीत थेंब आला की वाद संपला. काकांना खाली चहाला बोलवा, छत दाखवा, वही दाखवा, तक्रारीचं पत्र नंतर. आणि काम निघालंच तर टाईल्स लावायच्या आधी वॉटरप्रूफिंगवर पाणी तुंबवून किमान २४ तास ठेवायला लावा, ४८ ठेवलं तर उत्तम, मिस्त्री नको म्हणतो, ऐकू नका. तुमच्याकडे कोरडं राहिलं तरच पुढे. खर्च काकांना जड जात असेल तर थोडा तुम्ही उचला, ते मी नक्की सांगेन, रोज जिन्यात भेटायचंय.

प्रश्न : मामा म्हणतात गणपतीच्या आधी आपण दोघं मिळून हॉल रंगवू, भिंत ओली आहे म्हणून बाबांची कुरकुर. – कॉलेजमधला मुलगा, विक्रोळी

उत्तर : बाबा बरोबर आहेत. भिंतीवर फूटभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटव, एक दिवस ठेव, आतून घाम आला तर भिंत ओली आहे. त्यावर पुट्टी मारली तर दिवाळीपर्यंत पोपडे येतील. ज्या भिंती कोरड्या निघतील तेवढ्याच आत्ता मामांबरोबर रंगव, गणपती बसतो ती बाजू कोरडी असेल तर तिथून सुरुवात करा, ओली भिंत नोव्हेंबरमध्ये.