जुन्या गल्लीतलं घर अन् मायचे गुडघे

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही वरुड तालुक्यातले, संत्र्याचा बगीचा आहे. पोरगी दोन वर्षांपासून जपानात ओसाकाले नोकरीवर आहे, ते म्हणते बाबा मृगाचा माल निघाला की मार्चच्या शेवटी या, तुमाले क्योटो दाखवतो. जाणार मी, घरवाली अन् माही माय. मायचं वय ७४, माळकरी आहे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पोरीनं गिओन भागात शंभर वर्षांचं लाकडी घर पाहून ठेवलं, फोटो असे की पाहतच राहावं. अन् इकडं एजंट म्हणते स्टेशनजवळचं मोठं हॉटेल घ्या, डोक्याले ताप नाही. तीनच रात्रींचा सवाल आहे पण पैसा तर लागतेच ना. कोणाचं ऐकू?
– एक संत्रा बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, आधी पोरीकडून त्या घराचा अजून एक फोटो मागवा. जिन्याचा. बाकी सगळं मग बोलू.

त्या जुन्या घरांना तिकडे माचिया म्हणतात. रस्त्यावरून पाहिलं तर तोंड एवढंसं, अन् आत शिरलं की खोलीमागे खोली, मधे इवलंसं अंगण, मग परत खोली, म्हणून तिकडचे लोक त्याला 'उनागी नो नेदोको' म्हणतात, म्हणजे वाम माशाचं अंथरूण. दिसायला लय सुंदर, खोटं कशाला बोलू, मी पण फोटो पाहूनच भुलली होती. सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा अशाच एका घरात उतरलो अन् तिथला जिना म्हणजे आपण माळ्यावर चढायला शिडी लावतो ना तिचीच सख्खी बहीण, फक्त पॉलिश मारलेली. पायरीवर अख्खं पाऊल मावत नाही, धरायला कठडा नाही, पायऱ्यांच्या खाली सामान ठेवायचे खण. झोपायची खोली वर अन् संडास खाली, हे बुकिंगच्या पानावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. रात्री दोन वाजता सासूबाई बसून बसून एकेक पायरी खाली आल्या, आमचे हे खाली हात पसरून उभे, अन् मी वरून मोबाईलचा टॉर्च धरून. दुसऱ्या रात्री त्यांनी खालीच बैठकीत अंथरूण टाकलं अन् सकाळी म्हणाल्या, "एवढे पैसे देऊन ओसरीतच निजायचं होतं तर गावाले काय वाईट होतं?"

वरून तातामीची चटई अन् तिच्यावर गादी, पलंग नाही. ऑपरेशनच्या गुडघ्यानं जमिनीवरून उठणं काय असते हे तुम्ही घरी पाहतच असाल. (काही ठिकाणी चटईच्या खोलीत बुटका पलंग असतो, पण तो मागून घ्यावा लागतो.)

आता एजंटच्या हॉटेलचं. लिफ्ट मिळेल, पलंग मिळेल, मान्य. पण क्योटो स्टेशनपासून गिओन अडीचेक किलोमीटर आहे अन् मधली २०६ नंबरची बस म्हणजे जत्रेच्या दिवशीची एसटी समजा, मायला उभं राहावं लागणार. अन् त्या जुन्या भागाची खरी मजा कधी आहे सांगू का, सकाळी आठच्या आत अन् रात्री दुकानं बंद झाल्यावर. दिवसा नुसती डोकी दिसतात. कियोमिझु-देरा मंदिर सकाळी सहाला उघडते, तेव्हा तिथं असा. लाकडी खांबांवर तोललेला त्याचा सज्जा १६३३ सालच्या बांधणीचा आहे, १३ मीटर उंच, अन् आत जो कान्नोन आहे तो म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेणीत हातात कमळ घेऊन उभा आहे तोच. मायला एवढं सांगा, मंदिर लगेच ओळखीचं होईल. स्टेशनजवळ राहून पहाटे सहाला चौघांनी तिथं पोचणं होते का, तुम्हीच सांगा.

म्हणून माझं मत असं की कामो नदीच्या काठाकाठाचं हॉटेल पाहा. केइहान लाईनचं गिओन-शिजो किंवा सान्जो स्टेशन, नाहीतर नदीच्या पलीकडे हानक्यू लाईनचं क्योटो-कावारामाची, या तिघांच्या आसपास. हा भाग सपाट आहे, लिफ्टवाली नवी हॉटेलं आहेत, अन् शिजो रस्त्यानं सरळ पाय टाकत गेलं की यासाका देवस्थान, तिथून जुन्या गल्ल्या सुरू. अन् पोरगी ओसाकालाच आहे तर शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) अन् क्योटो स्टेशन दोन्ही विसरा, योदोयाबाशीवरून केइहानची गाडी सरळ गिओन-शिजोला आणून सोडते, पाऊण-एक तासात. बुलेट ट्रेनची हौस असेल तर वेगळी गोष्ट.

नकाशा पाहताना एक ध्यानात ठेवा. ज्या रस्त्याच्या नावाच्या शेवटी 'झाका' किंवा 'साका' आहे ती चढण. निनेनझाका, सान्नेनझाका, गोजोझाका. दगडी पायऱ्या अन् उतार. हॉटेलवाला 'मंदिरापासून पाच मिनिटं' लिहितो पण ती पाच मिनिटं वरच्या दिशेनं आहेत हे कोण लिहिते बाप्पा. सान्नेनझाकावर पडलं की तीन वर्षांत माणूस मरते अशी तिकडे जुनी समजूत आहे, मायला हे मात्र सांगू नका. गोजोझाकापर्यंत टॅक्सी करा, शेवटचा चढ हळूहळू. अन् गिओनमधल्या खाजगी गल्ल्यांत शिरू नका, २०२४ पासून तिथं पर्यटकांना बंदी आहे, १०,००० येनाच्या दंडाची पाटी लावलेली आहे.

जेवणाचं जरा सविस्तर लिहिते कारण माळकरी माणूस इथंच फसते. जुन्या सरायांत, र्योकान म्हणतात त्यांना, भाड्यात रात्रीचं जेवण धरलेलं असते अन् तुम्ही 'व्हेज' सांगितलं तर ते मांस-मच्छीचा तुकडा काढतील, पण रस्सा दाशीचाच राहील. दाशी म्हणजे सुक्या बोनिटो माशाच्या किसाचं पाणी. मिसो सूपमध्ये तेच, उकडलेल्या भाजीत तेच, नूडलच्या रश्शात तेच. त्यांना तो मासा वाटतच नाही, आपण आमटीत चिंच घालतो तसं ते घालतात. म्हणून पोरीला सांगा 'सुदोमारी' बुक कर, म्हणजे नुसतं राहणं, जेवण नाही, पैसेही वाचतात. एक वेळ मुद्दाम शोजिन र्योरी खाऊ घाला मायला, बौद्ध मठातलं जेवण, त्यात दाशी कोंबू शेवाळ अन् शिताके मशरूमची असते, मासा नाही. बाकी जवसाची चटणी, लाडू, पाणी टाकून होणारे पोहे बॅगेत टाका, खोलीत किटली असते. घरचा इलेक्ट्रिक कुकर मात्र नेऊ नका, तिकडे वीज १०० व्होल्ट, आपला २३० चा कुकर तिथं पाचव्या हिश्श्याच्या जोरावर चालेल, खिचडी दुसऱ्या दिवशी शिजेल. अन् पोरीसाठी संत्री नेण्याचा मोह होईल, बगीचा आहे म्हटल्यावर होणारच, पण ती विमानतळावरच काढून घेतात.

आंघोळीचं. मायच्या हातावर गोंदण असेल ना? जुन्या पिढीत असतेच. जपानात सार्वजनिक न्हाणीघरात टॅटूवाल्याला बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, कारण तिकडे टॅटू म्हटलं की लोकांना गुंडांच्या टोळ्या आठवतात. आपल्या म्हातारीचं तुळशीचं गोंदण अन् गुंडाचा ड्रॅगन यात फरक कोण करत बसणार. शिवाय तिथं सगळ्यांसोबत उघड्यानंच उतरावं लागते, ते मायला जमणारही नाही. खोलीतच बाथरूम आहे ना हे विचारून घ्या, जुन्या सरायांत ते बाहेर सामाईक असू शकते. संडास मात्र एक नंबर. पाण्याची फवारणी, गरम सीट, सासूबाईंनी अख्ख्या जपानात मनापासून तारीफ केली ती त्याचीच.

पैशाचं थोडक्यात. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे साकुराचा, चेरीच्या फुलांचा बहर, भाडे आभाळाला. १२-१३ एप्रिलनंतर या, २९ एप्रिलला त्यांच्या सुट्ट्या सुरू व्हायच्या आत परता. क्योटोत मुक्कामाचा वेगळा कर आहे, १ मार्च २०२६ पासून वाढला, माणशी एका रात्रीचं भाडं ६,००० ते १९,९९९ येन असेल तर ४०० येन. पोरगी धरून चौघांचे तीन रात्रींचे ४,८०० येन, ते बहुतेक काउंटरवर वेगळे मागतात, तेव्हा एजंटशी भांडू नका. अन् ते लाकडी घर पोरीच्या मनात असेलच तर तिला अन् तिच्या आईला एक रात्र राहू द्या तिथं, तुम्ही अन् माय लिफ्टवाल्या ठिकाणी.

प्रश्न : ताई, क्योटोतल्याच एका हॉटेलात १३ चौरस मीटरची 'सेमी-डबल' रूम स्वस्तात दिसते. आम्ही दोघं अन् सहा वर्षांचा पोरगा. मावू का?
– एक वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : १३ चौरस मीटर म्हणजे १४० चौरस फूट, त्यातच बाथरूम अन् पलंग. सेमी-डबल पलंग बहुधा १२० सेंटीमीटर रुंद, म्हणजे तुम्ही दोघं भांडण झालेलं नसेल तरच मावाल. पोरगा आडवा झोपणारा असेल तर विषयच संपला. बॅग उघडायची तर एकानं पलंगावर चढून बसावं लागते. तुम्ही जवान माणसं आहात, तुमच्यासाठी चटईची खोली घ्या, तीन गाद्या शेजारी शेजारी टाकून देतात, पोरगं कितीही लोळो. फक्त बुकिंग करताना पोराला मोजा, "लहानच तर आहे" म्हणून लपवू नका, खोलीत किती माणसं यावर ते लोक पक्के असतात, अन् काउंटरवर तिसरा पासपोर्ट काढला की मग दुसरी खोली घ्यायला लावतात, त्या दिवशीच्या भावानं.