तिवरांच्या मागची जागा

प्रश्न: मी पैठणची. मुलगा नवी मुंबईत खाडीकाठी राहतो. समुद्र चढतोय म्हणून त्याच्या सोसायटीतले म्हणतात, तिवरं (खारफुटीची झाडं) काढून भिंत बांधा. पाणी अडेल, डासही जातील. मग तिथल्या पक्ष्यांनी जावं कुठं?

उत्तर: ताई, भिंतीच्या आधी आपल्या नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं बोलू. उन्हाळ्याकडं पाणी उतरतं, तसे गाळपेऱ्याचे, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणारे शेतकरी मागोमाग सरकतात. रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) ओल्या चिखलाबरोबर सरकतात. पाण्याचा काठ हलता असतो, हे आपल्याकडं लेकराला ठाऊक आहे.

खाडीत तो काठ उलट, शहराकडं येतोय. १९०१ ते २०१८ या काळात जगातले समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढले. आता वेग वाढलाय. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, झाड त्यांतून श्वास घेतं. ओहोटीला ती उघडी पडायलाच हवीत. कायम बुडाली तर झाड गुदमरतं. म्हणून नवी रोपं जमिनीच्या बाजूला रुजू पाहतात. तिथं भिंत किंवा इमारत उभी असेल तर तिवरं मधल्यामधे संपतात, आणि लाटांचा जोर मोडणारं काही उरत नाही. ठाणे खाडीत रोहितांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य झालं. पण अभयारण्याची हद्द कागदावर स्थिर असते, चिखल नसतो.

मी नगररचनेत ३० वर्षं नकाशे काढले. मोठ्या तिवरवनाभोवती ५० मीटर पट्टा राखायचा नियम आहे. मला तो तोकडा वाटतो. मागची मैदानं, बागा, मोकळे भूखंड तसेच राहू द्यावेत. जिथं दाट वस्ती आधीच आहे, तिथं भिंत लागेलही. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसं पाणी भिंतीआड अडकलं तर? झडपा आणि पंप लागणारच, आणि ते भर पावसात चालावे लागतील.

डासांचं म्हणाल तर भरती-ओहोटी मोकळी असली की पाणी साचत नाही. राडारोडा टाकून वाट बुजवली, की साचतं.

मुलाला ओहोटीच्या वेळी तिवरांच्या मागं चालत जायला सांगा. मोकळी जागा दिसली तर विकास आराखड्यात ती कशासाठी दाखवलीय ते बघावं, आणि हरकतींची मुदत असेल तर लेखी हरकत द्यावी. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मला कळवा, मी लिहून देतो.