एका टॅगचे तीन अ‍ॅट्रिब्यूट एकाच लिंक क्वेरीत (सी शार्प)

पॉडकास्टच्या आरएसएस फीडमधून (भागांची यादी असलेल्या एक्सएमएल फाइलमधून) प्रत्येक एन्क्लोजर टॅगचे, म्हणजे भागाच्या मीडिया फाइलची माहिती देणाऱ्या टॅगचे, यूआरएल, लेंग्थ आणि टाइप हवे आहेत. त्यासाठी लिंकच्या (एलआयएनक्यू, सी शार्पमध्येच डेटा शोधायची सोय) तीन क्वेऱ्या लिहून नंतर इंडेक्सने जोड्या लावताय आणि मध्येच त्या सरकतात, असा तुमचा प्रश्न आहे. सरकणारच. आरएसएस २.० मध्ये तिन्ही अ‍ॅट्रिब्यूट सक्तीचे असले तरी फीड बनवणारे ते पाळतातच असं नाही. एका टॅगमध्ये लेंग्थ नसली की त्या यादीत एक नोंद कमी पडते आणि तिथून पुढे प्रत्येक भागाला भलत्याच फाइलचा आकार चिकटतो. एक्सपाथमध्ये (एक्सएमएलमधले भाग शोधायच्या भाषेत) उभी रेघ टाकून अ‍ॅट्रिब्यूट एकत्र मागितले तरी सपाट यादीच मिळते, कुठला कोणाचा ते कळत नाही.

म्हणून फ्रॉममध्ये अ‍ॅट्रिब्यूट नको, एलिमेंट घ्या. डिसेंडंट्सला एन्क्लोजर हे नाव द्या आणि सिलेक्ट न्यूच्या महिरपी कंसात त्याच एलिमेंटवरून तिन्ही अ‍ॅट्रिब्यूट वाचा. एक टॅग, एक ऑब्जेक्ट. निकाल मेथडबाहेर पाठवायचा असेल तर अ‍ॅनॉनिमस टाइपऐवजी छोटा क्लास करा. भागाचं शीर्षकही हवं असेल तर फ्रॉममध्ये आयटम घ्या आणि एन्क्लोजरपर्यंत प्रश्नचिन्ह-डॉटने उतरा, कारण एखाद्या आयटमला एन्क्लोजर नसतोच.

आता डॉट व्हॅल्यू. तो इथे टाळाच. अ‍ॅट्रिब्यूट नसेल तर नल, म्हणजे 'काहीच नाही', मिळतो आणि नलवर व्हॅल्यू मागितली की नल रेफरन्स एक्सेप्शन. त्याऐवजी थेट स्ट्रिंगला कास्ट करा, मग गुपचूप नल येतो. लेंग्थ बाइटमध्ये असते, ती प्रश्नचिन्हवाल्या लाँगला (नलही चालणाऱ्या पूर्णांकाला) कास्ट करा; साध्या लाँगला केलीत तर अ‍ॅट्रिब्यूट नसताना एक्सेप्शन येईल. पण अ‍ॅट्रिब्यूट आहे आणि आत रिकामी स्ट्रिंग, असंही सर्रास दिसतं. तिथे प्रश्नचिन्हही वाचवत नाही, फॉरमॅट एक्सेप्शन येतं. अशा फीडसाठी स्ट्रिंग घेऊन ट्रायपार्स (एक्सेप्शन न देता आकडा वाचून बघणं) करणारी छोटी मेथड लिहा आणि ती सिलेक्टमध्ये वापरा. आणि हो, एक्सेप्शन क्वेरी लिहिलेल्या ओळीवर पोचताच नाही, फॉरईच सुरू झाल्यावर येईल. क्वेरी तोवर चाललेलीच नसते. टूलिस्ट लावलात तर तिथेच कळेल.

पुढे आयट्यून्सच्या इमेज टॅगमधून एचरेफ काढायला जाल तेव्हा एलिमेंटच्या नावाला एक्सनेमस्पेस (टॅग कुठल्या नावसंचातला ते सांगणारी) जोडावी लागेल, एचरेफला मात्र नाही. प्रीफिक्स नसलेला अ‍ॅट्रिब्यूट कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसतो, डिफॉल्ट नेमस्पेस असली तरी. अ‍ॅटम फीडच्या लिंक टॅगलाही हेच लागू.